मुक्तस्रोत आज्ञावली : मोकळीक आणि बंधने

संगणक आता ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचला आहे. त्यावर चालणाऱ्या अनेक आज्ञावलींत 'मुक्तस्रोत' भाग वापरलेला असतो. अशा भागाचा सोर्स कोड, म्हणजे आज्ञावली रचणाऱ्याने लिहिलेला मूळ मजकूर, कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि इतरांना देता येतो. बहुधा त्यासाठी मोलही द्यावे लागत नाही. त्यामुळे तो बेवारस असल्याचा समज होतो. तो बरोबर नाही.

भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात संगणक आज्ञावलीची गणना साहित्यकृतीत होते. मुक्तस्रोत आज्ञावलीवरील हक्क कर्ता सोडून देत नाही. परवान्याद्वारे तो सर्वांना सशर्त अनुमती देतो.

हे परवाने मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. एमआयटी व बीएसडी हे सौम्य परवाने होत. कर्त्याची प्रताधिकार-नोंद आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवला, की तो कोड विक्रीच्या बंदिस्त आज्ञावलीतही वापरता येतो. १९८९ साली प्रथम प्रसिद्ध झालेला जीपीएल परवाना याहून कडक आहे. विक्रीला त्याची मनाई नाही. मात्र अशा कोडवर आधारलेली आज्ञावली ग्राहकाला देताना तिचा सोर्स कोडही त्याच परवान्याखाली उपलब्ध करून द्यावा लागतो. केवळ स्वतःच्या कार्यालयात वापर केल्यास हे बंधन लागू होत नाही.

या अटी कागदोपत्री राहत नाहीत. अमेरिकेतील सिस्को कंपनीने २००३ साली लिंकसिस ही कंपनी घेतली. लिंकसिसच्या एका बिनतारी रूटरमध्ये जीपीएलखालील लिनक्स असल्याचे त्याच वर्षी उघडकीस आले व कंपनीला सोर्स कोड प्रसिद्ध करावा लागला. पुढे त्यातूनच 'ओपनडब्ल्यूआरटी' ही स्वतंत्र प्रणाली उभी राहिली. लिंकसिसच्या उत्पादनांवरून २००८ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. २००९ मधील तडजोडीनुसार सिस्कोने संस्थेला आर्थिक योगदान दिले आणि परवानापालनावर देखरेखीसाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याचे मान्य केले.

केंद्र शासनाने २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. ते राबविताना करारातच प्रत्येक घटकाची व त्याच्या परवान्याची यादी मागणे हितावह ठरते. जीपीएलखालील आज्ञावली मिळाली, तर तिचा सोर्स कोड मागणे हा कार्यालयाचा हक्कच होय. कंत्राटदार निघून गेल्यावर दुरुस्ती दुसऱ्याकडून करून घेता येईल की नाही, हे पुष्कळदा त्यावरच अवलंबून असते.