कमरेचा कसा आणि खिशातील कार्ड

कांद्याचा लिलाव आटोपतो, माल तोलला जातो, खर्च वजा जाऊन हिशेबपट्टी हातात पडते आणि शेतकऱ्याच्या श्रमाचे रूपांतर पैशात होते. नाशिक जिल्ह्यातील लासलगावसारख्या बाजारपेठेत हे दृश्य हंगामात नित्य दिसते. पीक तयार होण्यास चार-पाच महिने लागलेले असतात. परंतु त्याचे मोल घरी सुखरूप पोचते की नाही, हे मात्र पुढील चार-पाच तासांतच ठरते. पिकावरील रोग व कीड यांविषयी शेतकरी जेवढा सावध असतो, तेवढा तो हाती आलेल्या पैशाविषयी असतोच असे नाही. म्हणून पैसा जवळ बाळगण्याच्या आणि खर्च करण्याच्या सवयींचा विचार हा शेतीच्या विचाराचाच एक भाग समजला पाहिजे.

पूर्वी कमरेला कसा बांधून पैसा नेण्याची रीत होती. म्हातारी माणसे चंचीत, तर बायका कनवटीला पैसे ठेवीत. घरी आल्यावर तो पैसा उतरंडीच्या तळच्या मडक्यात किंवा धान्याच्या कणगीत जाई. आज कसा गेला आणि त्याच्या जागी सदऱ्याचा आतला खिसा किंवा प्लॅस्टिकची पिशवी आली; परंतु सवय बरीचशी तीच राहिली आहे. त्याच खिशात आता बँकेचे कार्डही असते. मात्र पुष्कळ घरांत ते पासबुकात जपून ठेवले जाते आणि वर्षातून एकदाच, सर्व रक्कम एकदम काढण्यासाठी, बाहेर निघते.

रोख पैशाची गळती

पाटाला सोडलेले पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचेपर्यंत वाटेत मुरत जाते. रोख पैशाचेही तसेच होते. चोरी किंवा हरवणे हे मोठे संकट खरे. पण ते क्वचित येते. रोजची गळती निराळीच असते. खिशात रक्कम आहे हे सोबत्यांना ठाऊक असते, त्यामुळे उसनवारीला नाही म्हणता येत नाही. बाजारात नको असलेली वस्तू घेतली जाते. पाचशेची नोट एकदा मोडली की उरलेले पैसे कोठे गेले, याची आठवण राहत नाही. आठ दिवसांनी खत घेण्याची वेळ येते तेव्हा रक्कम अपुरी पडते. मग कृषी सेवा केंद्रात उधारी सुरू होते, आणि उधारीने माल घेणाऱ्याला ना भावाची घासाघीस करता येते, ना हवे तेच वाण मागता येते.

खात्यावर जमा झालेल्या पैशाची अशी गळती कमी होते. तो काढण्यास थोडे श्रम पडतात, आणि तेवढ्या अवधीत माणूस विचार करतो.

लेखी पुराव्याचे मोल

महाराष्ट्राच्या इतिहासात या गोष्टीला एक जुना धडा आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनच्या शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला. त्या वेळी संतप्त शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या घरातील कर्जरोख्यांवर होता. ते रोखे त्यांनी हिसकावून घेतले आणि जाळले. किती घेतले आणि किती फेडले, याचा पुरावा एकाच बाजूच्या हाती होता, हे त्या असंतोषाचे एक कारण होते. पुढे १८७९ साली झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात शेतकऱ्याला पावती व हिशेब मागण्याचा हक्क देण्यात आला.

आजही रोखीने दिलेल्या पैशाची पावती घेण्याचा कंटाळा केला जातो. बियाणे उगवले नाही, तर तक्रारीच्या वेळी सर्वप्रथम पावती लागते. कार्डाने किंवा मोबाइलवरून यूपीआयने पैसे दिले, तर तारीख आणि रक्कम यांची नोंद बँकेत आपोआप राहते. तथापि, ही नोंद म्हणजे खरेदीची पावती नव्हे. वाणाचे नाव आणि गट क्रमांक तीत नसतो. म्हणून पैसे कसेही दिले, तरी पक्की पावती मागून घ्यावीच.

खताच्या दुकानातील अंगठा लावण्याच्या यंत्राविषयीही काहींचा गैरसमज असतो. ते यंत्र अनुदानित खत कोणी व किती नेले याची नोंद करते; त्यातून खात्यावरील पैसे वळते होत नाहीत. पैसे निराळे द्यावे लागतात.

कार्डाने पैसे देताना दुकानदार कधी कधी वर शुल्क मागतो. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्डाने किंवा खात्यातून यूपीआयने घेतलेल्या पैशावर दुकानदाराला बँकेचे व्यवहार शुल्क पडत नाही. त्या नावाखाली ग्राहकाकडून जादा पैसे मागण्यास आधार नाही.

किसान क्रेडिट कार्डाचा हिशेब

किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ साली सुरू झाली. २०१२ साली तिच्यात सुधारणा होऊन एटीएममध्ये चालणारे कार्ड देण्याची तरतूद झाली. मंजूर मर्यादेच्या आत गरजेनुसार रक्कम उचलावी, पैसा येताच भरावी आणि पुन्हा लागेल तेव्हा उचलावी, अशी या फिरत्या खात्याची कल्पना आहे. व्याज लागते ते उचललेल्या रकमेवर, आणि ती जितके दिवस वापरली तितक्याच दिवसांचे. परंतु मंजुरी मिळताच संपूर्ण रक्कम रोखीने काढून घरी आणण्याची सवय सर्रास आढळते.

या सवयीची किंमत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका शेतकऱ्याची मर्यादा १ लाख रुपये आहे. त्याने १ जूनला सर्व रक्कम काढली आणि मार्चअखेर फेडली. ७ टक्के दराने दहा महिन्यांचे व्याज सुमारे ५,८३३ रुपये होते. त्याच्या शेजाऱ्याने तेवढीच रक्कम टप्प्याटप्प्याने उचलली : १ जूनला ४० हजार आणि १ जुलै, १ ऑगस्ट व १ ऑक्टोबर रोजी प्रत्येकी २० हजार. शिवाय १ डिसेंबरला सोयाबीनचे पैसे येताच त्याने ६० हजार भरले आणि उरलेली रक्कम मार्चअखेर फेडली. त्याचे व्याज सुमारे ३,६१६ रुपये होते. दोघांच्या व्याजात २,२०० रुपयांहून अधिक फरक पडला, आणि तोही जमीन, पीक व दर सारखेच असताना.

मुदतीत फेडणाऱ्यास शासनाची व्याजसवलत मिळते, ती येथे हिशेबात धरलेली नाही. परंतु घरी आणलेली रोख रक्कम लग्नकार्यात किंवा उसनवारीत गुंतली, तर मुदत चुकते आणि सवलतही जाते. खरे नुकसान तेथेच होते.

रोख रकमेचे स्थान

याचा अर्थ रोख पैसा टाकून द्यावा असा नव्हे. मजुरांची रोजंदारी, आठवडे बाजार, रात्री-अपरात्री दवाखान्यात जावे लागणे, या गोष्टी रोखीवरच सुलभ होतात. वीज गेली किंवा मोबाइलला रेंज नसली की यंत्र निरुपयोगी ठरते.

२०१६ सालच्या अनुभवाने दोन्ही बाजू दाखवून दिल्या. त्या वर्षी ८ नोव्हेंबरच्या रात्री ५०० व १,००० रुपयांच्या नोटा चलनातून रद्द झाल्याचे जाहीर झाले. रब्बीच्या पेरणीचे दिवस होते. उतरंडीत व पेटीत ठेवलेली शिल्लक बँकेत नेण्यासाठी लोकांना रांगा लावाव्या लागल्या. पुढे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली, तेव्हा ज्यांचे खाते केवळ त्या बँकेत होते त्यांची अधिकच अडचण झाली. दुसरीकडे, एटीएममध्ये नोटा नसल्यामुळे कार्ड असूनही पुष्कळांचे हात रिकामे राहिले. सर्व शिल्लक घरात ठेवणे धोक्याचे, आणि घरात काहीच न ठेवणेही गैरसोयीचे, हा त्यातला बोध आहे. आठ-दहा दिवसांच्या घरखर्चापुरती आणि मजुरीपुरती रोख रक्कम जवळ असावी, बाकीची खात्यावर असावी, हे प्रमाण बहुतेक कुटुंबांना सोयीचे पडेल.

कार्डाची राखण

शेताला कुंपण लागते, तसेच कार्डालाही लागते, आणि ते कुंपण म्हणजे त्याचा गुप्त क्रमांक, अर्थात पिन. कार्डाच्या पाकिटावरच पिन लिहून ठेवणे म्हणजे कुलपाला किल्ली लावून ठेवून गावाला जाण्यासारखे आहे. कार्ड व पिन ओळखीच्या दुकानदाराच्या स्वाधीन करण्याची चालही घातक आहे. पुढील गोष्टी प्रत्येकाने पाळाव्यात :

१. एटीएममध्ये अनोळखी माणसाची मदत घेऊ नये. मदतीच्या बहाण्याने कार्डाची अदलाबदल केली जाते. परत घेताना कार्डावरचे आपले नाव किंवा क्रमांक पाहून घ्यावा.

२. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. ‘अनुदान जमा करतो, पिन टाका’ असे सांगणारा फसवीत आहे, असे खुशाल समजावे.

३. बँकेचा संदेश घरातील कोणी तरी रोज वाचावा. न केलेला व्यवहार दिसताच कार्ड बंद करवून बँकेस कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक घ्यावा. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावरही करता येते.

या शेवटच्या गोष्टीत विलंब करू नये. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांत असे तत्त्व आहे की, चूक बँकेचीही नाही व ग्राहकाचीही नाही अशा फसवणुकीत, बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविल्यास ग्राहकावर तोटा पडत नाही. मात्र ग्राहकाने स्वतःच पिन सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचा तोटा त्यालाच सोसावा लागतो.

गावातील कार्यकर्त्यांचे काम

भाषणाने सवय बदलत नाही, प्रात्यक्षिकाने बदलते. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक ज्याप्रमाणे करून दाखविले जाते, त्याचप्रमाणे हेही करून दाखवावे. खरिपाच्या सभेस बँकेच्या प्रतिनिधीस बोलवावे. प्रत्येक शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने पिन दाबून शे-पाचशे रुपयांचा एक व्यवहार करावा. कार्यकर्त्याने केवळ जवळ उभे राहून समजावून सांगावे, पिन पाहू नये. घरातील स्त्रियांना या सभेस अवश्य आणावे. पुष्कळ भगिनींच्या नावाने खाते असते, परंतु कार्ड दुसऱ्याच्याच खिशात असते. ज्येष्ठांना वाचता येत नसेल, तर घरातील कोणत्या विश्वासू माणसाने मदत करावयाची, हे कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे.

पीक पिकविणे जितके कष्टाचे, तितकेच पिकाचा पैसा राखणे जाणतेपणाचे आहे. या खरिपात कर्जाची उचल करताना एकदम सर्व रक्कम न काढता, ज्या कामाला जेव्हा लागेल तेव्हाच ती काढावी, आणि वहीत तारीखवार टिपून ठेवावी. वर्षअखेर ती वही व बँकेचे पासबुक शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे कोणती सवय फायद्याची आणि कोणती तोट्याची, हे दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज उरणार नाही.