बारा माणसांपुढे सांगितलेली गोष्ट

आमच्या ग्रंथालयात जॉन ग्रिशॅम यांच्या कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद सहसा जागेवर सापडत नाहीत. मागच्या कार्डावरच्या तारखा पाहाव्यात तर ऐन परीक्षेच्या आठवड्यातल्याही निघतात! पण वर्गात या लेखकाचे नाव काढले, की प्राध्यापकांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते ते काही कौतुकाचे नसते. 'रहस्यकथा' हा शब्द आपल्याकडे अजून थोडा खालच्या आवाजातच उच्चारतात. म्हणून हा लेखक घडला कसा आणि त्याच्या वकिलीने त्याच्या लेखनाला नेमके काय दिले, हे थोडे सविस्तर सांगावेसे वाटते.

ग्रिशॅम यांनी १९८१ साली मिसिसिपी विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली आणि साउथहेवन या लहान गावात वकिली मांडली. फौजदारी बचावाची आणि अपघातातील नुकसानभरपाईची कामे ते घेत. पुढे राज्याच्या विधानसभेवरही निवडून गेले. एके दिवशी कोर्टात त्यांनी एका बारा वर्षांच्या मुलीची साक्ष ऐकली. तिच्यावर बलात्कार झाला होता. ती साक्ष ऐकताना त्यांच्या मनात आले, या मुलीच्या बापाने त्या नराधमाला गोळी घातली असती तर? आणि त्या बापाचा निवाडा करायला आपल्यासारखीच माणसे बसली असती तर?

या प्रश्नातून 'अ टाइम टू किल' ही कादंबरी जन्माला आली. वकिली आणि विधानसभा सांभाळून पहाटे पाचला उठायचे आणि ऑफिसला जाण्यापूर्वी लिहायचे, असा क्रम त्यांनी तीन वर्षे चालवला. (आपल्यापैकी कितीजण ट्युटोरियल लिहायला पाचला उठतात, हा प्रश्न मी येथे विचारणार नाही.) पुस्तक अनेक प्रकाशकांनी नाकारले. अखेर १९८९ साली एका लहान प्रकाशनसंस्थेने पाच हजार प्रती छापल्या. त्यांपैकी एक हजार लेखकानेच विकत घेतल्या, गाडीत भरल्या आणि आसपासच्या गावांतली ग्रंथालये आणि पुस्तकांची दुकाने पालथी घातली. गावच्या ग्रंथालयात चार ओळखीची माणसे खुर्च्यांवर बसली आहेत आणि गावचाच वकील उभा राहून आपल्या गोष्टीविषयी बोलतो आहे, हे चित्र मला फार आवडते. पुस्तक तेव्हा फारसे खपले नाही, ही गोष्ट वेगळी.

त्या वकिलाला या प्रकारच्या श्रोत्यांची सवय मात्र होती. अमेरिकेत गंभीर फौजदारी खटल्याचा निर्णय बहुधा ज्यूरी देते. सामान्य नागरिकांतून निवडलेली बारा माणसे. कोणी शेतकरी, कोणी शिक्षिका, कोणी गॅरेजवाला. कायदा काय आहे ते न्यायाधीश सांगतात. खरे काय घडले ते या बाराजणांनी ठरवायचे. वकिलाने कलमांचा कितीही पाऊस पाडला आणि समोरच्या बाईला जांभई आली, तर खटला तेथेच ढासळू लागतो. कोणती वस्तुस्थिती आधी सांगावी, कोणती शेवटपर्यंत राखून ठेवावी, कोणत्या साक्षीदाराला एकच प्रश्न विचारून खाली बसावे, ही सगळी रोजच्या धंद्यातली कला. रहस्यकथेला तरी दुसरे काय लागते?

'अ टाइम टू किल'मध्ये तर ज्यूरी निवडण्यावरच अर्धी लढाई आहे. गोळी घालणारा बाप काळा, मेलेले दोघे गोरे आणि गाव मिसिसिपीतले. बारा खुर्च्यांवर कोण बसणार, यावर एका माणसाचा जीव टांगलेला. आणि एक बारीकशी गोष्ट: चित्रपटात जे परिणामकारक आवाहन वकील आपल्या भाषणात करतो, ते मूळ कादंबरीत ज्यूरीतलीच एक बाई बंद दाराआड इतरांना करते. म्हणजे लेखकाने आपल्याच धंद्यातल्या माणसाकडून शेवटचा शब्द काढून घेतला आणि तो श्रोत्यांच्या हाती दिला. मला हे कादंबरीतले सर्वांत प्रामाणिक पान वाटते. ते वाचून कोणी त्यांना नुसता खपाऊ लेखक म्हणू नये.

आपल्याकडे अशी कादंबरी का रुजली नाही, याचेही एक कारण येथेच असावे. मराठीत सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास आहे, पण त्याच्यासमोर ती बारा माणसे नाहीत. मुंबईत १९५९ साली नौदलातील अधिकारी नानावटी यांच्या खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेथे जन्मठेप झाली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. भारतातला हा शेवटचा ज्यूरी-खटला असे सर्रास सांगतात, ते खरे नाही. काही ठिकाणी ही पद्धत नंतरही चालू होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र तिला जागा राहिली नाही. आता आपला वकील न्यायाधीशापुढे बोलतो, आणि न्यायाधीशाला गोष्ट नको, मुद्दे हवे असतात.

ग्रिशॅम यांचे पुढचे यश सर्वांना ठाऊक आहे. 'द फर्म' छापून येण्याआधीच चित्रपटाचे हक्क सहा लाख डॉलरना गेले, आणि १९९१ साली पुस्तक निघाल्यावर ते सत्तेचाळीस आठवडे खपाच्या यादीत राहिले. वकिली सुटली. पण १९९६ साली ते एकदा कोर्टात परतले. रेल्वेच्या दोन डब्यांमध्ये चिरडून मेलेल्या एका कामगाराच्या कुटुंबाला त्यांनी पूर्वी शब्द दिला होता. ज्यूरीने ६,८३,५०० डॉलरची भरपाई मंजूर केली.

'अ टाइम टू किल'मधल्या ज्यूरीने काय ठरवले ते मी मुद्दाम लिहिलेले नाही. आमच्या ग्रंथालयातल्या प्रतीची शेवटची चार पाने नाहीशी झाली आहेत. ज्या कोणाकडे ती असतील त्याने कृपया काउंटरवर आणून द्यावीत; नाव विचारले जाणार नाही.