पुराची पट्टी आणि नदीचा हिशेब

पावसाळा भरात आला की सांगलीकरांचे लक्ष आयर्विन पुलाच्या पट्टीकडे लागते. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे तेथील शाळकरी मुलालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा निम्मे शहर पाण्यात होते. तथापि पट्टी सांगते ती पाण्याची उंची. नदीतून किती पाणी वाहते आहे, हे ती सांगत नाही. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुरासंबंधीची बरीचशी चर्चा निष्फळ ठरते.

प्रवाह मोजण्याची रीत तत्त्वतः सोपी आहे. पात्राच्या रुंदीचे अनेक भाग पाडून प्रत्येकाची खोली घेतात व वेगमापी यंत्र पाण्यात सोडतात. तळाच्या घर्षणामुळे खालचे पाणी मंद, तर वरचे वेगवान असते. म्हणून पृष्ठभागापासून खोलीच्या सहा-दशांश अंतरावरील वेग हा सरासरी मानला जातो. क्षेत्रफळ आणि वेग यांच्या गुणाकारांची बेरीज म्हणजे नदीचा प्रवाह. निरनिराळ्या उंचीला अशी मोजणी करून आलेख काढतात आणि एरवी नुसती पट्टी वाचून त्या आलेखावरून प्रवाह ठरवितात.

परंतु हा आलेख कायमचा नव्हे. गाळ साचतो, वाळू उपसली जाते, काठावर भराव पडतात आणि पात्र बदलते. त्यातच सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा व पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. या नद्या फुगल्या की कृष्णेचे पाणी तुंबते आणि प्रवाह न वाढताही पट्टीवरील आकडा चढतो. म्हणजे ४५ फूट हा आकडा एकच असला, तरी त्यामागचा प्रवाह दर वेळी एकच असेल असे नाही.

या मोजणीवर राज्यांचे हक्क ठरतात. बच्छावत लवादाने विजयवाड्याच्या १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांच्या नोंदींवरून कृष्णेचे ७५ टक्के भरवशाचे पाणी २,०६० अब्ज घनफूट धरले आणि त्यातून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७०० व आंध्रला ८०० अब्ज घनफूट दिले. पुढे ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये १९६१-६२ नंतरच्या ४७ वर्षांच्या नोंदी घेतल्या, तेव्हा तोच आकडा २,१७३ झाला. नदी तीच, कसोटी तीच; केवळ नोंदींचा काळ बदलताच ११३ अब्ज घनफुटांचा फरक पडला. दुष्काळी तालुक्यांच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे.

महापुराचे खापर अलमट्टीवर फोडावे की नाही, हा वादही याच जातीचा. वडनेरे समितीने २०२० मध्ये अलमट्टीला दोष दिला नाही, तरी वाद शमला नाही. तो घोषणांनी मिटणार नाही. दोन्ही राज्यांतील ठाण्यांची तासातासाची मोजणी एकत्र यावी, प्रत्येक मोठ्या पुरानंतर पात्राचे छेद नव्याने घेतले जावेत आणि हे आकडे सामान्य नागरिकालाही तपासता यावेत, हाच त्यावरचा मार्ग आहे. धरणाच्या मानाने मोजणीचा खर्च नगण्य असतो. मात्र तिचे उद्घाटन होत नाही, म्हणूनच बहुधा तिची उपेक्षा होते. ज्या पाण्याचा हिशेब विश्वासार्ह नाही, त्याची वाटणी न्याय्य झाली असे कोणत्याही राज्याला पटवून देता येणार नाही.