गाडी बोलत नाही तेव्हा

पांढुर्ण्याच्या गॅरेजांपुढे उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेटा वाचल्या की गावाचा ओढा कुठे आहे ते कळतं. पांढुर्णा जिल्हा 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा झाला, पण जुन्या गाड्यांवर छिंदवाड्याचा एमपी 28 अजून आहेच. त्यांच्या जोडीला एमएच 31, एमएच 40, एमएच 49, म्हणजे सगळं नागपूर. शहरात दोन-तीन मालक पाहिलेली गाडी सावनेर ओलांडून इकडे येते आणि संत्र्याच्या बागेत, बाजारात, लग्नाकार्यात पुढची दहा वर्षं काढते. तिच्यासोबत आधीच्या मालकांनी केलेले उद्योगही येतात. कुणी टेप बसवलेला असतो, कुणी सेंट्रल लॉक, कुणी गॅस किट, तर कुणी जीपीएस ट्रॅकर. हे सगळं बसवताना कुठली तरी वायर सोललेली असते आणि काळ्या टेपनं गुंडाळलेली असते.

अशा गाडीला स्कॅनर लावला की बऱ्याचदा पडद्यावर इंजिनाचा दोष दिसतच नाही, ‘लिंक एरर’ दिसतो. स्कॅनर आणि गाडीचा कॉम्प्युटर यांची गाठच पडलेली नसते. गॅरेजच्या भाषेत, ‘गाडी बोलून नाही राह्यली.’ इथून दोन वाटा फुटतात. एक सरळ ‘ईसीएम गेला’, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर गेला, म्हणणारी. ती हजारोंच्या खर्चात जाते. दुसरी डॅशबोर्डाखाली डोकं घालून एकेक पिन तपासणारी. मला ही दुसरी वाट जवळून पाहायची होती, म्हणून महामार्गालगतच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानात जाऊन बसलो.

नोव्हेंबर चालू होता, संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड जोरात होती. सौंसरकडचे एक बागायतदार आपली 2009 ची लहान पेट्रोल गाडी आदल्या संध्याकाळी दुकानात सोडून गेले होते, सकाळी ते परत आले. इंजिनाची पिवळी लाइट सतत लागलेली, ॲव्हरेज पडलेलं. दुसऱ्या गावच्या एका गॅरेजात स्कॅनर लागला नाही आणि तिथं त्यांना ईसीएम बदलायला सांगितलं होतं.

‘चाबी ऑन करा काका, स्टार्ट नका करू,’ इलेक्ट्रिशियन म्हणाला. चावी फिरली आणि बॉनेटखालचा रेडिएटरचा पंखा घूं करून सुरू झाला. रात्रभर उभी असलेली, थंडगार इंजिनाची गाडी, आणि पंखा चालू. त्यानं माझ्याकडे पाहून भुवई उडवली. ‘हे ध्यानात ठेवा. याच्यावर मंग येऊ.’

मग स्कॅनर. स्टिअरिंगखाली, पायांच्या वरच्या बाजूला 16 घरांचा कपलर असतो, रुंद वाटीसारखा. त्यातल्या काही घरांना ठरलेली कामं आहेत. 16 नंबरच्या पिनेवर बॅटरीचा थेट करंट, 4 नंबरवर बॉडीचा अर्थ, 5 वर सिग्नलचा अर्थ. स्कॅनरला पावर मिळते ती इथून, आणि 16 नंबर चावी बंद असतानाही जिवंत असतो. त्यामुळे चावी न फिरवताही स्कॅनरचा दिवा लागतो आणि माणूस फसतो. दिवा लागला म्हणजे फक्त पावर आली. गाडीचा कॉम्प्युटर तेव्हा झोपलेलाही असू शकतो.

इथे दिवा लागला, पण किंचित मिणमिणता वाटला. त्यानं मीटर लावून 16 आणि 4 मधला दाब मोजला. बारा व्होल्टच्या वर. मी म्हटलं, पावर तर पुरेशी आहे. तो हसला आणि खिळ्याला टांगलेला इंडिकेटरचा बल्ब काढला, दोन वायरी लावलेला, 21 वॅटचा. बल्ब कपलरला जोडला तर पेटला तांबूस, आणि मीटरवरचा आकडा दाणकन खाली आला.

मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीतली एकच तार शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. 21 वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो, आणि तेवढं देताना कुजलेला जोड उघडा पडतो. बागायतदारांना त्यानं हे ठिबकवरून सांगितलं: नळीचं तोंड बंद असलं की दाब बरोबर दिसतो, पण झाडाला पाणी किती चाललं ते वाल उघडल्यावरच कळतं. काकांनी लगेच मान हलवली. कपलरच्या मागे हात घालून त्यानं एक काळा टेपचा गठ्ठा ओढून काढला. 16 नंबरच्या वायरीवर कुणीतरी कधीकाळी ट्रॅकर जोडला होता. ट्रॅकर गेला, जोड राहिला, त्याच्यावर हिरवा थर चढला. गठ्ठा कापून, तार घासून, सोल्डर मारून, वर स्लीव चढवून झाल्यावर बल्ब पांढरा पेटला.

एक सूचना त्यानं आवर्जून दिली. हा बल्ब फक्त पावरच्या आणि अर्थच्या पिनेवर लावायचा. बोलण्याच्या लाइनीवर चुकून टेकवला तर मागे असलेल्या कॉम्प्युटरचा घास होऊ शकतो.

स्कॅनर पुन्हा लावला. दिवा आता ठणठणीत. पडद्यावर पुन्हा लिंक एरर. त्यानं केबल काढली आणि दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीला लावली. तिथे पटकन लिंक झाली. म्हणजे स्कॅनर आणि केबल दोन्ही निर्दोष. या तपासणीला दोन मिनिटंही लागत नाहीत, पण ती वगळली की माणूस तासभर चांगल्या गाडीत दोष शोधत बसतो. निळे, स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर वापरणाऱ्यांना तर ती पहिली करावी लागते. त्यातली मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. ती कंपनी 2022 मध्ये बंद झाली. बाजारात फिरणाऱ्या कित्येक नकला नव्या गाड्यांशी नीट बोलतात आणि जुन्यांपुढे गप्प बसतात.

आता गाडी जुनी म्हणजे काय, हा प्रश्न आला. आपल्याकडे गाडीनं स्वतःचे दोष स्वतः नोंदवावेत ही सक्ती भारत स्टेज चार या प्रदूषणाच्या नियमांसोबत आली: पहिला टप्पा एप्रिल 2010, दुसरा आणि पक्का टप्पा एप्रिल 2013. शिवाय स्टेज चार 2010 मध्ये फक्त 13 शहरांत लागू झाला. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि सोलापूर त्या यादीत होते, नागपूर नव्हतं. साऱ्या देशात तो 1 एप्रिल 2017 ला आला. म्हणजे 2009 साली विकलेल्या गाडीवर 16 घरांचा कपलर असणं ही निव्वळ कंपनीची सोय. कपलर एकसारखा दिसतो म्हणून आतली बोलीही एकच असेल, याची खात्री नाही. त्याआधीच्या काही गाड्यांत तर कपलरच्या दोन पिना तारेनं जोडून इंजिनाच्या लाइटीचे झपके मोजावे लागतात. सुझुकीच्या जुन्या पद्धतीत एक झपका, थोडी उसंत, मग दोन झपके, म्हणजे 12, म्हणजे सगळं ठीक.

बोली कोणती ते ओळखायला त्यानं टॉर्च घेतली. कपलरमध्ये 6 आणि 14 या घरांत टर्मिनल असतील तर गाडी कॅनवर बोलते: दोन वायरी, सेकंदाला 5 लाख बिट. तिथं चावी आणि बॅटरी बंद करून या दोन पिनांत ओहम मोजायचे. लाइनीच्या दोन टोकांना 120-120 ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून 60 यायला हवेत. 120 आले तर एक टोक तुटलं, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या. या गाडीत 6 आणि 14 रिकामे होते. 7 नंबरात टर्मिनल होतं. म्हणजे के-लाइन, एका वायरीवरचं संभाषण.

के-लाइनची सुरुवात फार संथ असते. जुन्या पद्धतीत स्कॅनर सेकंदाला 5 बिट या चालीनं गाडीला एक हाक देतो. एवढी एक हाक पुरी व्हायला दोन सेकंद जातात. गाडीनं ओळख दिली की पुढचं बोलणं सेकंदाला 10,400 बिटच्या वेगानं चालतं. स्कॅनर ‘ऑटो’वर ठेवला तर तो माहीत असलेली प्रत्येक बोली पाळीपाळीनं आजमावतो, आणि उतावळा माणूस मधेच केबल उपटतो. त्यानं ‘ऑटो’ काढून के-लाइन निवडली आणि हात मागे घेऊन थांबला. लिंक एरर.

‘आता लाइन पाहाची,’ तो म्हणाला. के-लाइन शांत असताना तिच्यावर बॅटरीच्या आसपासचा दाब असतो. बोलताना ती शून्यापर्यंत ओढली जाते आणि सुटते. तो दाब शून्यावरच अडकलेला असेल तर कुणीतरी लाइन दाबून धरली आहे. एबीएस, एअरबॅग, इमोबिलायझर बऱ्याच गाड्यांत याच वायरीवर असतात, आणि त्यातला एक बिघडला की बाकीच्यांची बोलती बंद. अशा वेळी एकेकाचा कपलर काढून पाहायचा, आणि कुणाला काढल्यावर लाइन मोकळी होते ते बघायचं.

त्यानं मीटरची सुई मात्र कपलरच्या तोंडात घातली नाही. कागदाला लावायची आलपीन घेतली, तिला मगरचिमटा लावला आणि 7 नंबरच्या घरात अलगद सरकवली. आकडा शून्य. मग कपलर खालून सोडवून उलटा केला आणि तीच आलपीन वायरीच्या कडेनं मागून आत घातली. साडेअकराच्या वर. पुढून शून्य, मागून पूर्ण. वायर जिवंत, कॉम्प्युटर जिवंत, अडलं होतं ते कपलरच्या दीड-दोन सेंटिमीटरच्या आत.

टॉर्च तिरपी धरून त्यानं मला दाखवलं. बाकीच्या टर्मिनलांची तोंडं एका रेषेत होती. सातव्याचं आत सरकलेलं आणि चोच फाकल्यासारखं उघडं. ‘मीटरची जाडी सुई घुसवली कोणीतरी. भोक मोठं झालं, लॉक सुटलं, अन् मंग स्कॅनर लावला का तो टर्मिनलले मागं ढकलते.’ म्हणजे ही गाडी बोलत का नाही हे शोधणाऱ्यानंच तिचं बोलणं तोडलं होतं. काका काही बोलले नाहीत, पण मागच्या गॅरेजात कुणी काय घुसवलं ते त्यांना आठवत असावं.

दुरुस्ती बारीक होती. मागचा प्लास्टिकचा लॉक उचलला, टर्मिनल वायरीसकट बाहेर काढलं, सुईच्या टोकानं त्याची फाकलेली पाती जवळ आणली, पाठीवरचा दबलेला काटा किंचित वर उचलला आणि ते पुन्हा घरात सरकवलं. आत बसताना टक असा आवाज आला. वायर हलकेच ओढून पाहिली, आली नाही. स्कॅनर लावला. दोन-तीन सेकंद पडदा कोरा, आणि मग ओळीमागून ओळ.

दोष एकच: पी 0118, इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा दाब मर्यादेबाहेर. चालू आकड्यांच्या पानावर पाण्याचं तापमान होतं उणे 40 अंश. नोव्हेंबरात पांढुर्ण्याला सकाळी गारवा असतो, पण इतका नाही. हा आकडा येतो हिशेबातून. तापमान पाठवायला 0 ते 255 असा एकच आकडा असतो, त्यातून 40 वजा करून अंश काढतात. म्हणून मोजमापाची खालची हद्दच उणे 40, आणि सेन्सरची वायर तुटली की आकडा त्या तळाला जाऊन बसतो. कॉम्प्युटरला तापमान कळेना, म्हणून इंजिन जळू नये यासाठी त्यानं पंखा कायम चालू ठेवला होता. सकाळची ती घूं आणि पडलेलं ॲव्हरेज, दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी होतं.

सेन्सर बदलायला मात्र तो धावला नाही. सेन्सरचा कपलर काढला आणि त्याच्या दोन पिना वायरीच्या तुकड्यानं जोडल्या. वायरिंग शाबूत असती तर आकडा उणे 40 वरून उसळून वरच्या टोकाला गेला असता. तो जागचा हलला नाही. म्हणजे सेन्सरवर आळ घेण्याआधी वायर तपासायची. बॅटरीच्या ट्रेखाली हार्नेसवर उंदरानं कुरतडलेलं ठिकाण सापडलं, बाजूला संत्र्याच्या सालीचे वाळके तुकडे. बागेतल्या शेडमध्ये उभी राहणारी गाडी. थंडीत उबेला उंदीर इंजिनाखाली येणारच. जोड मारल्यावर तापमान बाहेरच्या हवेएवढं दिसू लागलं आणि पंखा थांबला.

दिवसभरात मला पटलं ते एवढंच: ‘लिंक एरर’ हा गाडीच्या मेंदूवरचा निकाल नव्हे. पावर, अर्थ, चावी, केबल, बोली, लाइन आणि शेवटी ईसीएम, हा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो. तो उलटा केला की गिऱ्हाईक बुडतं. स्कॅनर कितीही महाग असला तरी त्याच्या आधी बल्ब, आलपीन आणि टॉर्च लागतात, आणि त्या वापरणारा हात जुन्या इलेक्ट्रिशियनचाच असतो.

पैशाच्या वेळी काकांनी विचारलं, ‘पार्ट कोणता टाकला?’

‘पार्ट नाही टाकला काका.’

‘मंग पैसे कायचे?’

असा सवाल त्याला रोज होतो. गिऱ्हाइकाला बदललेला पार्ट हातात दाखवता येतो, वाचलेला ईसीएम दाखवता येत नाही. म्हणून चांगल्या कारागिरालाही कधीकधी गरज नसलेला सेन्सर टाकायचा मोह होतो. निदान त्याचं बिल तरी फाडता येतं. या इलेक्ट्रिशियननं तोडगा काढला आहे. तो पावतीवर ‘शोधकाम’ असं लिहितो, त्यापुढे आपली मजुरी, आणि खाली बारीक अक्षरात काय काय तपासलं त्याची यादी. काकांनी ती यादी दोनदा वाचली, थोडी घासाघीस केली आणि पैसे दिले. यादी मात्र घडी करून गाडीच्या कागदांत ठेवली, पुढच्या मिस्त्रीला दाखवायला.