सिंदखेड राजा आणि मधली स्पेस

बुलढाणा जिल्ह्यातल्या 13 तालुक्यांच्या पावसाच्या नोंदी तालुक्यांच्याच नावांच्या 13 फायलींत आहेत असं समजा. तुमचा प्रोग्रॅम त्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडून क्रमाने लावून घेतो. हा दुसरा म्हणजे चाइल्ड प्रोसेस; त्याचं उत्तर पाइपमधून परत येतं. पाइपची कल्पना डग मॅकिलरॉय यांनी 1964 मध्ये मांडली, केन थॉम्पसन यांनी 1973 मध्ये ती युनिक्समध्ये आणली.

लिनक्सवर सगळं सुरळीत. विंडोजवर मेहकर, लोणार चालतात. सिंदखेड राजा अडतो. लिनक्समध्ये 'फोर्क' प्रोसेसची प्रत काढतं, 'एक्झेक' तिच्यात नवा प्रोग्रॅम चढवतं आणि फाइलचं नाव यादीतला स्वतंत्र घटक म्हणून जातं. विंडोजचं 'क्रिएटप्रोसेस' मात्र अख्खी आज्ञा एकाच ओळीत घेतं. चाइल्ड ती ओळ सहसा स्पेसवर तोडतो. अवतरणचिन्हं नसतील तर 'सिंदखेड' आणि 'राजा' अशा दोन फायलींचा शोध सुरू होतो!

खरा घात पाइप करतो. लिनक्सवर त्यात साधारणपणे 65,536 बाइट मावतात. चाइल्डने त्याहून जास्त लिहिलं आणि पेरेंट, म्हणजे तुमचा प्रोग्रॅम, ते न वाचता चाइल्ड संपायची वाट पाहत बसला, तर दोघंही कायमचे अडकतात. एररसुद्धा येत नाही. लहान फायलींवर हा दोष दिसतच नाही, म्हणून तो मला सर्वांत वाईट वाटतो.

शेगाव-खामगावात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मित्रांनो, पायथॉनचं 'सबप्रोसेस' वापरा, आज्ञा यादी म्हणून द्या, उत्तर 'कम्युनिकेट'ने वाचा आणि चाचणी दोन्ही प्रणालींवर, मोठ्या फायली घेऊनच करा.