वखारीतील पाखरे आणि आपली जीवदया

भुसार मालाच्या व्यापाऱ्यास दोन भागीदार असे असतात, की ज्यांची नावे भागीदारीच्या पत्रात नसतात, पण आपला वाटा मात्र ते न चुकता उचलतात. एक उंदीर व दुसरे पाखरू. उंदरांच्या बंदोबस्ताविषयी आपण नेहमी बोलतो. पाखरांविषयी बोलण्यास मात्र संकोचतो. कारण उघड आहे. पारव्यास दाणे घालणे हे आपल्या घराघरांत पुण्यकर्म मानले जाते. एका हाताने दाणा टाकावयाचा आणि दुसऱ्या हाताने काठी आपटून त्याच पाखरास हुसकावयाचे, असा आपला व्यवहार झाला आहे. या विसंगतीचा शांतपणे विचार व्हावा, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

पारवा हा मूळचा डोंगरकड्यांच्या कपारीत राहणारा पक्षी. आपल्या इमारतींच्या वळचणी, खिडक्यांवरील छज्जे, पत्र्याखालील लोखंडी कैच्या या त्याच्या दृष्टीने कपारीच होत. वर निवारा तयार आणि खाली दाणा सांडलेला, मग त्याने जावे तरी कोठे? मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते. ती सुमारे 18 दिवसांत उबतात आणि महिना-सव्वा महिन्यात पिले उडू लागतात. अन्न मुबलक असेल, तर हा क्रम वर्षातून अनेक वेळा चालतो.

पाखरू खाते त्यापेक्षा नासते अधिक. थप्पीवरील बारदान विष्ठेने खराब होते आणि माल गिऱ्हाइकाच्या नजरेतून उतरतो. विष्ठेतील पांढरा भाग म्हणजे मुख्यत्वे युरिक आम्ल. किडीमुळे धान्यात वाढणारे आम्लही हेच, आणि अन्नसुरक्षेच्या मानकांनी त्यास मर्यादा घातली आहे. पन्हाळी तुंबतात, पत्रे गंजतात, दगडी काम झिजते. परंतु याहून गंभीर गोष्ट आरोग्याची आहे. सुकलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून जात राहिल्यास काही माणसांच्या फुप्फुसांस कायमची इजा होते. साचलेल्या विष्ठेत रोगकारक बुरशीही वाढते. ही धूळ प्रथम कोणाच्या छातीत जाते? गादीवर बसणाऱ्या शेटजींच्या नव्हे, तर वखार झाडणाऱ्या हमालाच्या. जीवदयेचा विचार करताना हा जीव आपल्या डोळ्यांआड होऊ नये.

मग पाखरे मारावीत काय? आपला धर्म त्यास अनुमती देत नाही. पण धर्म क्षणभर बाजूस ठेवला, तरी जगाचा अनुभवही तेच सांगतो. चीनमध्ये 1958 साली धान्य खाते म्हणून चिमणीविरुद्ध देशव्यापी मोहीम निघाली. चिमण्या गेल्या आणि त्या ज्या किडी खात असत, त्या पिकांवर वाढल्या. अखेर 1960 साली चिमणीचे नाव त्या यादीतून वगळावे लागले. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात 1961 ते 1985 या काळात सुमारे 1 लाख पारवे मारण्यात आले, तरी त्यांची संख्या घटली नाही. पुढे 1988 पासून तेथे लोकांना दाणे न घालण्याविषयी समजाविण्यात आले, पारव्यांसाठी नेमक्या जागी खुराडी बांधून तेथील अंडी काढून घेतली गेली, आणि सुमारे चार वर्षांत संख्या निम्म्यावर आली. तात्पर्य, पाखरांची संख्या बंदुकीने ठरत नाही. ती दाण्याने ठरते.

म्हणून वखारीतील पहिला उपाय केरसुणीचा. गाडी उतरताच सांडलेले धान्य त्याच दिवशी गोळा करावे; फाटकी पोती लगेच शिवावीत. सुकी विष्ठा मात्र कोरडी झाडू नये. प्रथम पाणी शिंपडावे व झाडणाऱ्यास नाकातोंडावर बांधण्यास चांगला मास्क द्यावा.

दुसरा उपाय जाळीचा. पारव्यांसाठी दोन इंची घरांची नायलॉनची जाळी पुरते. चिमण्या रोखावयाच्या असल्यास पाऊण इंची लागते. जाळी ताणून बसवावी, कारण सैल जाळीत पाखरू अडकून तडफडते. दारास जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावावा. छज्ज्याच्या वरच्या बाजूस 45 अंशांहून अधिक उतार दिला, तर पारव्यास तेथे बसता येत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. जाळी लावण्यापूर्वी प्रत्येक कैची व कोनाडा पाहावा. घरट्यात पिले असतील, तर ती उडेपर्यंत महिनाभर थांबावे. आत पिलू आणि बाहेर आई अशी जाळी लावणे म्हणजे आपल्याच हाताने हिंसा करणे होय. चिकट लेपाचाही मोह नको. त्यात पिसे माखून पाखरू हालहाल होऊन मरते. आरसे, चकचकीत फिती व फटाके यांस पाखरे थोड्याच दिवसांत सरावतात. त्यांवर पैसा खर्चणे व्यर्थ आहे.

आता प्रश्न दानाचा. जुलै 2025 मध्ये शासनाने मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश दिले, ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकण्यात आला, आणि वाद रस्त्यावर व उच्च न्यायालयात गाजला. त्या वादात श्रद्धा एका बाजूस व शेजाऱ्याचे आरोग्य दुसऱ्या बाजूस, असे चित्र उभे राहिले. वास्तविक या दोहोंत वैर असण्याचे कारण नाही. दिल्लीत चांदणी चौकासमोरील लाल मंदिराच्या आवारात 1929 साली स्थापन झालेले पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय आहे. जखमी पाखरांवर तेथे विनामूल्य उपचार होतात. आंधळेपणाने फेकलेल्या शंभर पोती दाण्यांपेक्षा पतंगाच्या मांज्याने कापलेला एक पंख जोडून देणे, हे माझ्या मते श्रेष्ठ दान होय.

दाणा घालावयाचाच असेल, तर तो वस्तीपासून, शाळेपासून व दवाखान्यापासून दूर, मोकळ्या जागी, तासाभरात संपेल इतकाच घालावा. आपल्या पूर्वजांनी पाणी गाळून पिण्यास शिकविले, ते जीव वाचावा म्हणून. वखारीची जाळी हे तशाच प्रकारचे गाळणे आहे. तिने पाखरूही वाचते, धान्यही वाचते आणि हमालाची छातीही. व्यापारी बंधूंनी या पावसाळ्यापूर्वी आपापल्या वखारीच्या वळचणी एकदा वर मान करून पाहाव्यात, इतकी विनंती करून हा लेख पुरा करतो.