आल्मेंद्रो म्हणजे कुठला बदाम?

मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांत आणि कोकणातल्या शाळांच्या आवारात बदामाचं एखादं झाड हमखास दिसतं. फांद्या मजल्यामजल्यांनी आडव्या पसरलेल्या, पानं पंजाहून मोठी आणि गळण्याआधी लालबुंद होणारी. खाली पडलेलं फळ पोरं दगडाने ठेचतात. आधी थोडा गर, मग चिवट तंतू, मग टणक कवच आणि एवढ्या खटाटोपानंतर करंगळीच्या पेराएवढी बी हाती लागते. सगळे त्याला बदामच म्हणतात, पण खिरीत पडतो तो बदाम या झाडाचा नाही, हे त्या पोरांनाही ठाऊक असतं. हा देशी बदाम, टर्मिनॅलिया कॅटापा, हिरडा, बेहडा, ऐन आणि अर्जुन यांच्या गोतातला. खिरीतला बदाम गुलाबाच्या कुळातला, पीचचा सख्खा भाऊ.

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर आपला हाच देशी बदाम सावलीसाठी लावलेला दिसतो. तिथले लोक त्याला 'आल्मेंद्रो' म्हणतात. स्पेनमध्ये आल्मेंद्रो म्हणजे खरा बदाम. शब्द एक, झाडं दोन. स्पॅनिशमधून इंग्रजीत झाडंझुडपं नेताना ज्या चुका होतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ इथेच सापडतं.

गैरसमज : चांगला शब्दकोश जवळ असला की झाडाचं नाव मिळतं.

गाब्रिएल गार्सिया मार्केसची 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' ही कादंबरी १९६७ साली स्पॅनिशमध्ये आली. ग्रेगरी रबासाने केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९७० चा. माकोंदो गावात होसे आर्कादियो बुएंदिया रस्त्यांच्या कडेला बाभळीच्या जातीच्या झाडांऐवजी आल्मेंद्रो लावायला लावतो. रबासाने शब्दकोशाप्रमाणे 'आमंड' लिहिलं. पण खऱ्या बदामाला फुलण्यासाठी हिवाळ्यातली थंडी लागते. माकोंदो ज्या कोलंबियाच्या किनाऱ्याकडचं, केळीच्या बागांच्या त्या दमट, तापत्या मुलखात तो तग धरणार नाही. त्या किनाऱ्यावर आल्मेंद्रो म्हणतात तो देशी बदाम. रबासाचा शब्द मी सरळ चूक म्हणणार नाही, कारण कॅरिबियन बेटांवर इंग्रजी बोलणारेही या झाडाला आमंडच म्हणतात. तरीही लंडनच्या किंवा पुण्याच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या-गुलाबी फुलांची ठेंगणी बाग येते, लाल पानं ढाळणारं ऐसपैस झाड येत नाही. लेखकाने लावलेलं झाड वाटेतच बदलून जातं.

'रोब्ले'ची गोष्ट याहून गुंतागुंतीची. स्पेनमध्ये रोब्ले म्हणजे ओक. स्पॅनिश विजेत्यांनी अमेरिकेत पाऊल ठेवलं आणि जिथे जिथे मजबूत लाकडाचं झाड दिसलं, तिथे घरचं नाव चिकटवलं. चिलीत रोब्ले म्हणजे नॉथोफॅगस, ओकपेक्षा निराळ्या कुळातलं झाड. कोस्टा रिकात 'रोब्ले दे साबाना' म्हणजे टॅबेबुया रोझिया. विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला दरवर्षी जो गुलाबी बहर फुटतो आणि ज्याचे फोटो मुंबईभर फिरतात, तेच हे झाड. कोस्टा रिकाच्या एखाद्या कथेत 'फुललेल्या ओकखाली' असं इंग्रजी वाचलं की मला विक्रोळी आठवते.

माद्रिदच्या बातम्यांत दर वसंतात 'प्लातानो'च्या परागांची ॲलर्जी गाजते. मेक्सिकोत प्लातानो म्हणजे केळं. म्हणून कुणी माद्रिदकरांना केळीची ॲलर्जी होते असं भाषांतर केलं, तर सगळा घोटाळा. पासेओ देल प्रादो या रस्त्याच्या दुतर्फा उभं आहे ते प्लॅटॅनस, म्हणजे चिनाराचं भावंड.

ही चूक फक्त कथा-कादंबऱ्यांपुरती असती तर तेवढं बिघडलं नसतं. लॅटिन अमेरिकेतला 'सेद्रो' म्हणजे सेड्रेला. इंग्रजी व्यापारात त्याला 'स्पॅनिश सीडर' म्हणतात, पण तो स्पेनचाही नाही आणि सीडरही नाही. त्याचं कूळ आपल्या कडुनिंबाचं. सिगारच्या पेट्या त्याच्या सुवासिक लाकडाच्या असतात. बेसुमार तोडीमुळे तिथल्या सेड्रेलाच्या जातींना वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्याचं २०१९ मध्ये ठरलं आणि २०२० पासून ते लागू झालं. अशा लाकडाच्या कागदपत्रांवर कुणी नुसतं 'सीडर' लिहून मोकळा झाला, तर नेमकं कुठलं झाड तोडलं हेच झाकलं जातं.

गैरसमज : नावाचा अर्थ समजला की शब्दशः उतरवावं.

कधी कधी हे छान जमतं. शेताच्या कुंपणाला लावतात ते ग्लिरिसिडिया मध्य अमेरिकेत 'माद्रे दे काकाओ' आहे, कोकोची आई, कारण कोकोच्या रोपांवर त्याची सावली धरतात. कोलंबियात त्यालाच 'मातारातोन' म्हणतात, म्हणजे उंदीर मारणारं. त्याचं लॅटिन नावही तेच सांगतं आणि आपल्याकडेही त्याला गिरिपुष्पाबरोबर उंदीरमारी म्हणतात. अर्थ जसाच्या तसा समुद्र ओलांडून आला.

पण त्याच भरवशावर 'लाउरेल दे ला इंडिया'चं 'इंडियन लॉरेल' करून बघा. मेक्सिकोतल्या ओआहाका शहराच्या मुख्य चौकात सावली धरून उभी असलेली ही झाडं म्हणजे आपला नांदरुक, वडा-पिंपळाच्या घरातला. इंग्रजी लाकूडबाजारात मात्र 'इंडियन लॉरेल' म्हणजे ऐन. वाचक नांदरुकाखाली बसायचा तो ऐनाच्या फळीवर जाऊन बसतो.

गैरसमज : रानाच्या प्रकारांना प्रत्येक भाषेत शब्द असतातच.

माझ्या मते सर्वात जास्त नुकसान इथे होतं. झाड निदान बोट दाखवून ओळखता येतं, रानाचा प्रकार तसा दाखवता येत नाही.

'मोंते' घ्या. शब्दकोशात पहिला अर्थ डोंगर. स्पेनमध्ये २००३ चा 'मोंतेस'चा कायदा आहे. तो डोंगरांबद्दल नाही. झाडं, झुडपं किंवा गवत वाढलेल्या बिनशेतीच्या जमिनीबद्दल आहे. अर्जेंटिनात मोंते म्हणजे काटेरी झाडांची गच्च झाडी. क्युबात मोंतेला देवदेवता आणि औषधी मुळ्यांचा वास आहे. इंग्रजीत यासाठी एक शब्द नाही. मराठी माणसाला मात्र हे चटकन कळतं, कारण आपल्याकडे 'रान' आहे. रानडुक्कर ज्यात राहतं तेही रान आणि शेतकरी सकाळी विळा घेऊन जातो तेही रानच. 'रानात कामं चालू आहेत' याचं इंग्रजी 'फॉरेस्ट'ने होणार नाही. मोंतेचंही तसंच आहे.

'देएसा' हा नैऋत्य स्पेनचा प्रकार. विरळ ओक, खाली गवत, त्यात चरणारी गुरं आणि ओकची फळं खाणारी काळी डुकरं. शब्दाचं मूळ लॅटिन, अर्थ राखलेली जागा. इंग्रजीत 'पाश्चर' लिहिलं की झाडं गळून पडतात, 'वुडलँड' लिहिलं की डुकरं.

'पारामो' स्पेनच्या पठारावर उजाड, गार माळ आहे. अँडीजमध्ये मात्र तो वृक्षरेषेच्या वरचा, बहुतेक ठिकाणी तीन हजार मीटरपेक्षा उंच, धुक्याने कायम ओला मुलूख आहे. तिथे 'फ्रायलेहोन' नावाची केसाळ पानांची झाडं उभी असतात. नावाचा अर्थ थोरला भिक्षू. बोगोता शहराचं बरंचसं पाणी चिंगासाच्या पारामोतून येतं. त्याला इंग्रजीत 'मूर' म्हटलं की डोळ्यांसमोर यॉर्कशर येतं. असे शब्द तसेच ठेवावेत आणि पहिल्यांदा आले की एका वाक्यात समजावून द्यावेत.

भाषांतराच्या वाटेवर शब्द किती पलटतो, याचा दाखला आपल्याच दारात आहे. आयुर्वेदातला 'जांगल देश' म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा मुलूख. तिथून 'जंगल' झालं, इंग्रजीत 'जंगल' गेलं आणि त्याचा अर्थ दाट, दमट अरण्य झाला. किपलिंगच्या १८९४ च्या 'जंगल बुक'चं स्पॅनिश नाव पडलं 'एल लिब्रो दे ला सेल्वा'. सेल्वा म्हटलं की आज ॲमेझॉन आठवतं. गोष्ट मात्र सिवनीच्या पानगळीच्या रानातली, आपल्या नागपूरच्या शेजारची.

गैरसमज : शास्त्रीय नाव दिलं की वाद मिटला.

निम्मा मिटतो. शास्त्रीय नावंही बदलतात. पिवळ्या फुलांचे कितीतरी टॅबेबुया २००७ मध्ये हँड्रोअँथस या वेगळ्या प्रजातीत गेले, म्हणजे जुन्या पुस्तकातलं नाव आज जुळत नाही. शिवाय कादंबरीतली आजी लॅटिन बोलत नाही. शास्त्रीय नाव अनुवादकाने स्वतःसाठी शोधावं, झाड पक्कं करावं आणि मग पानावर वाचकाला दिसेल असा शब्द ठेवावा.

त्यासाठी फार काही लागत नाही. मजकूर कुठल्या देशातला, किनाऱ्याचा की डोंगराचा, झाडाचं लोक काय करतात, हे आधी विचारावं. मग स्थानिक नाव आणि देश मिळून शास्त्रीय नाव शोधावं. लंडनच्या क्यू उद्यानाची वनस्पतींची यादी इंटरनेटवर सर्वांना खुली आहे, त्यावरून ते नाव आज चालू आहे का हे कळतं.

लॅटिन अमेरिकेतली बहुतेक पुस्तकं मराठीत इंग्रजीच्या वाटेने येतात, म्हणजे झाड दोनदा बदलण्याची शक्यता. त्यामुळे मराठीत अनुवाद करणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. पानावर 'आमंड' किंवा 'ओक' दिसला तर आधी नकाशा उघडा, गाव कुठलं ते बघा. माकोंदोच्या रस्त्यावर 'देशी बदाम' लिहिलंत तर मराठी वाचकाला ते झाड दाखवावं लागणार नाही, त्याच्या आवारातच ते उभं आहे.